बाळंतिणीचा मासा

लेक बाळंतपणाला आली आणि घरात दोन गोष्टी एकदमच सुरू झाल्या. बाथरूमच्या खिडकीत पारव्याच्या जोडीनं चार काटक्या टाकून दोन अंडी घातली. आणि माहीमच्या कोळीण मावशी दिवसाआड मुशी आणू लागल्या. "हीच घाल बाळंतिणीला, बाय. दूध उतरंल."

मुशी म्हणजे आम्हा मालवण्यांची मोरी. शार्क म्हटलं की जावई दचकतो, म्हणून म्हणत नाही. हातभर लांब, चपट्या नाकाची. खरखरीत कातडी गरम पाण्यात घालून खरवडायची, आणि ताजी असतानाच संपवायची; शिळी झाली की असा दर्प सुटतो की शेजारीण खिडकी लावून घेते.

परवा मावशींनी एकीचं पोट चिरलं तर आत पिल्लं. वीतभरसुद्धा नाहीत, पण नाळेसकट! माशाला नाळ? मावशींना त्याचं काहीच नाही, त्यांनी आयुष्यभर बघितलंय. मी मात्र रात्री वाचत बसले. हिचं अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, शार्कांमध्ये सगळ्यांत लहान. एवढ्याशा बलकावर काय भागणार? म्हणून पिल्लं पाच-सहा महिने आईच्या पोटात वारेवर पोसली जातात. आपल्यासारखीच.

इकडे खिडकीत १८ दिवसांत अंडी फुटली. पिल्लं दिसायला, खरं सांगते, भयंकर. पण त्यांना कुणी दाणे भरवेना. आईबाप दोघंही गळ्यातल्या पिशवीत पनीरसारखं दूध तयार करतात आणि चोचीत चोच घालून पाजतात. हे दूध ज्या प्रोलॅक्टिनमुळे येतं त्यामुळेच माझ्या लेकीलाही येतं. १९३३ साली ऑस्कर रिडल यांनी या संप्रेरकाला नाव दिलं, तेही कबुतरांवर काम करतानाच. म्हणजे वार माशाला, दूध पाखराला, आणि मी अंडं देणारे कोण नि पाजणारे कोण हे शाळेत घोकून पास झाले होते.

जाळीवाला येऊन गेला. घरात तान्हं मूल, कबुतरांच्या विष्ठेनं छाती बिघडते, सगळं मान्य. खिडकी घट्ट लावून घेतली आणि त्याला महिन्यानं ये म्हटलं.

जावयाला मुद्दाम ऐकवलं, "बघा, पारव्यांत बापसुद्धा दूध पाजतो."

तो ताटातली मोरी चाचपत म्हणाला, "मग आई, याची एक फोड खिडकीतही ठेवा."