निंदेचा कार्डसंच, नवी फेरी: जोराची उतरंड रद्द

इंग्रजी शब्द पाठ करायच्या कार्डसंचातला (पुढे प्रश्न, मागे उत्तर) कडक निंदेचा गट या फेरीत मुळापासून नव्याने लावला आहे. पाठांतराच्या पुस्तकांत हे शब्द सर्रास चढत्या जोराने लावलेले असतात: ॲडमॉनिश (समज देणे), रिब्यूक (रागावणे), कॅस्टिगेट (कडक शब्दांत झोडपणे), एक्सकोरिएट (सालटी काढणे). ती उतरंड आता काढली. जोर लक्षात राहतो, पण वाक्य लिहायला घेतलं की शब्द भलत्याच जागी जाऊन बसतो. दुसरा घोळ अर्थाच्या बाजूचा. कंडेम, डिनाउन्स, डिक्राय या तिन्ही कार्डांच्या मागे 'निषेध करणे' एवढंच लिहिलं तर तीन कार्डं म्हणजे एकच कार्ड तीनदा.

आता प्रत्येक कार्डामागे चार खाती: कर्म माणूस की कृत्य, बोलणं समोरासमोर की चारचौघांत की कागदावर, पुढे कोणतं प्रीपोझिशन, आणि लिहिणाऱ्याचा कल कुणाकडे.

पहिल्या खात्यानेच बरीच चाळणी होते. डिप्लोर (तीव्र नापसंती व्यक्त करणे) आणि डिक्राय सहसा कृत्याला किंवा धोरणाला लागतात. 'दे डिप्लोर्ड द व्हायलन्स' ठीक, पण माणसाला डिप्लोर केलं की वाक्य खटकतं. बिरेट आणि अपब्रेड यांना उलट समोर जिवंत माणूसच हवा, कारण ही फैलावर घेण्याची आणि खडसावण्याची क्रियापदं आहेत. कंडेम दोन्हीकडे चालतं, म्हणून अडलं की सगळे तेच वापरतात.

प्रीपोझिशनचं खातं सगळ्यात कामाचं. डिनाउन्स करताना पुढे बहुधा 'ॲज' येतं: 'डिनाउन्स्ड हिम ॲज अ ट्रेटर'. कंडेम, कॅस्टिगेट, एक्सकोरिएट, रेप्रिमांड (औपचारिक ताकीद देणे) यांना कारण सांगायचं तर 'फॉर'. इन्व्हे (कडाडून टीका करणे) आणि फल्मिनेट यांना थेट कर्म लावू नये, 'अगेन्स्ट' घ्यावं. 'इन्व्हेड द गव्हर्नमेंट' (इन्व्हेचा भूतकाळ, आक्रमणाचा इन्व्हेड नव्हे) ही नेहमीची चूक. ती होते कारण मराठीत टीकाही सरकारवर आणि आगपाखडही सरकारवरच, त्यामुळे फरक जाणवत नाही. फल्मिनेटला मात्र 'आगपाखड करणे' हा प्रतिशब्द इतका चपखल आहे की कार्डामागे दुसरं काही लिहायची गरजच नाही. मूळ लॅटिन शब्द विजेचा.

लिहिणाऱ्याच्या कलाच्या खात्यात मोजकेच शब्द येतात, पण तिथे चुकलं तर अर्थ उलटतो. व्हिलिफाय म्हणजे नालस्ती: हा शब्द वापरला की टीका अन्याय्य होती, असं लिहिणाराच सुचवतो. ज्याची टीका रास्त वाटते त्याच्यासाठी तो वापरला तर बाण परत फिरतो. डिनाउन्समध्ये असा कल नाही.

आता एक कार्ड जवळून. शब्द एक्सकोरिएट. पुढची बाजू: 'द रिपोर्ट (रिकामी जागा) द बोर्ड फॉर हायडिंग लॉसेस'. हे कार्ड बाद. इथे कंडेम्ड, कॅस्टिगेटेड, लॅम्बेस्टेड काहीही बसतं, आणि बरोबर उत्तर देऊनही कार्ड चूक ठरतं. दुरुस्ती दोन टप्प्यांत केली. रिकाम्या जागेत पहिली दोन अक्षरं दिली, ई आणि एक्स. मग खाली मराठी इशारा: 'सालटी काढली'. लॅटिनमध्ये कोरियम म्हणजे कातडं, आणि खरवडलेल्या त्वचेला डॉक्टर आजही एक्सकोरिएशन म्हणतात, त्यामुळे हा वाक्प्रचार तंतोतंत जुळतो. मागच्या बाजूला एक तंबी: 'एक्सिक्रेट नव्हे'. एक्सिक्रेट म्हणजे मनापासून तिटकारा करणे, शाप देणे. क्रियापद म्हणून ते क्वचितच भेटतं. त्याचं विशेषण एक्सिक्रेबल, म्हणजे अगदी टुकार, ते मात्र चालू वापरात आहे.

जोराची क्रमवारी एकाच ठिकाणी ठेवली आहे, जिथे संस्थांनीच ती ठरवून दिली आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात रेप्रिमांड खालची पायरी, सेन्शर वरची. सेन्शर झालेल्या सदस्याला सभागृहात पुढे उभं राहावं लागतं आणि सभापती ठराव मोठ्याने वाचतात. सेन्शरला मराठीत 'ठपका' चपखल बसतो. चित्रपटवाल्या सेन्सॉरशी गल्लत नको. गंमत अशी, की 1954 मध्ये अमेरिकेच्या सिनेटने आपलेच सदस्य जोसेफ मॅकार्थी यांच्यावर 67 विरुद्ध 22 मतांनी जो ठराव केला त्यात शब्द 'कंडेम्ड' आहे, तरी तो सेन्शर म्हणूनच ओळखला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या भाषेत डिप्लोरपेक्षा कंडेम कडक, हेही त्याच कार्डावर.

स्पेलिंगचे दोन सापळे वेगळ्या रंगात. कंडेमच्या शेवटचा एन लिहायचा पण उच्चारायचा नाही. कंडेम्नेशनमध्ये तो बोलतो. डिनाउन्सचं नाम करताना एक ओ गळतो आणि उच्चार डिनन्सिएशन होतो, अगदी प्रोनाउन्स-प्रोनन्सिएशनसारखा.

स्लॅम, ब्लास्ट, रॅप हे मथळ्यांचे शब्द. स्तंभाच्या रुंदीत मावतात म्हणून तिथे. ओळखीपुरते ठेवले, निबंधात नकोत.

क्रियाविशेषणांची जोडी क्रियापदाबरोबरच पाठ करावी: स्ट्राँगली कंडेम, पब्लिकली डिनाउन्स, फॉर्मली सेन्शर, सिव्हिअरली रेप्रिमांड. एक्सकोरिएटला 'स्ट्राँगली' लावू नये, जोर आतच आहे.

सरावाचं माप: एका बैठकीत या गटातले तीनच नवे शब्द, तेही वेगवेगळ्या खात्यांतले. बिरेट आणि अपब्रेड एकाच दिवशी घेतले की दोन्ही एकमेकांना खातात. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. आधीचा शब्द न अडखळता वाक्यात आला की मगच जोडीदार.

नामांचं काम बाकी आहे. टिरेड आणि डायट्राइब (दोन्ही म्हणजे लांबलचक जहरी टीका) यांतला फरक वाक्यांतून दाखवणं अवघड जातंय. फिलिपिक (कडवट निंदेचं भाषण) सोपं: ग्रीक वक्ता डेमॉस्थेनीसची मॅसिडोनियाच्या फिलिपविरुद्धची भाषणं, त्यावरून रोमन वक्ता सिसेरोच्या अँटनीविरुद्धच्या 14 भाषणांनाही तेच नाव. ऑप्रोब्रिअम आणि ऑब्लोक्वी (दोन्ही म्हणजे जाहीर छी-थू) यांना सोबतीचं क्रियापद नाही, म्हणून त्यांची कार्डं 'हीप' आणि 'इन्कर' यांच्या जोडीने करायची आहेत.