चार हजार क्रोनरच्या वरची पावती

चार हजार क्रोनरच्या वरची खरेदी असेल आणि बिलावर तुमच्या फर्मचं नाव-पत्ता नसेल, तर काउंटर सोडू नका. मागे रांग लागली तरी हलू नका. हे अगदी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण स्वीडनमध्ये छोटा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगायचंय. बाकीचं हळूहळू शिकता येतं.

मी गोथेनबर्गला राहते. २०२४ च्या उन्हाळ्यात एकल मालकीची फर्म काढली. डबे, छोट्या समारंभांचं जेवण, सणासुदीला पुरणपोळ्या आणि उकडीचे मोदक असं काम आहे. फर्मची नोंदणी, एफ-स्काट, म्हणजे आपला कर आपणच भरण्याची मंजुरी, मोम्सची नोंदणी, कम्यूनकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, खाद्यव्यवसायाची नोंद ही कामं विनासायास झाली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मोम्स म्हणजे इथला जीएसटी. विकताना गिऱ्हाइकाकडून घ्यायचा, खरेदीवर आपण भरलेला वजा करायचा आणि उरलेला सरकारला द्यायचा. तत्त्व आपल्याकडचंच आहे. आपल्याकडे बिलावर आपला जीएसटी नंबर नसेल तर इनपुट क्रेडिट अडकतं, हे ज्याला माहीत आहे त्याला माझी पुढची हकिगत लगेच कळेल.

नोव्हेंबरमध्ये मी एका मोठ्या दुकानसाखळीच्या शाखेतून डीप फ्रीझर घेतला. किंमत ११,२५० क्रोनर, त्यातला मोम्स २,२५०. पैसे देण्याआधीच मी काउंटरवरच्या मुलाला सांगितलं होतं की ही फर्मची खरेदी आहे, फर्मच्या नावाने बिल हवं. फर्मचा नंबरही दाखवला. तो म्हणाला, बिल मेलवर येईल. मेल आली, पण तिच्यात होती नुसती ऑर्डर मिळाल्याची पोच. वस्तूचं नाव, रक्कम, मोम्स, तारीख, सगळं होतं. खरेदीदार म्हणून माझ्या फर्मचा कुठे पत्ता नव्हता.

इथला नियम असा आहे. मोम्स धरून ४,००० क्रोनरपर्यंतच्या खरेदीला साधी पावती चालते. तारीख, विकणारा कोण, काय घेतलं आणि मोम्स किती, एवढं त्यावर असलं की पुरे. त्या रकमेच्या वर गेलात की पूर्ण बिल लागतं. म्हणजे बिलाचा क्रमांक, विक्रेत्याचा मोम्स नंबर, दोघांची नावं आणि पत्ते, नग, दर, मोम्सचा टक्का आणि रक्कम. ते हातात नसेल तर मोम्स वजा करण्याचा हक्क लटकतो. २,२५० क्रोनर ही माझ्यासाठी लहान रक्कम नाही. तेवढे मिळवायला किती पोळ्या लाटाव्या लागतात ते मला माहीत आहे.

दुकानात गेले तर म्हणाले, हे आमच्या हातात नाही, ग्राहकसेवेला विचारा. ग्राहकसेवेच्या चॅटवर उत्तर आलं की ॲप उघडा, तिथे पावती आहे. ॲपमध्ये तीच पावती होती, फक्त वेगळ्या रंगात. फोनवरच्या बाईंनी सांगितलं, ‘पावती वैध आहे, काळजी करू नका.’ वॉरंटीसाठी वैध होती, परत करायला वैध होती. मला ती मोम्ससाठी हवी होती, आणि हा फरक फोनच्या पलीकडे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हता. पुन्हा फोन केला तर दुसरंच माणूस, पुन्हा सगळी कथा पहिल्यापासून. एकाने सांगितलं, खरेदीच्या आधी कंपनी-ग्राहक म्हणून नोंद करायला हवी होती, आता सिस्टिममध्ये बदल होत नाही. दुसऱ्याने सुचवलं, फ्रीझर परत आणा, आम्ही पैसे परत करू, मग कंपनीच्या नावाने नवा घ्या. तोवर फ्रीझरमध्ये ऑर्डरचा माल भरलेला होता. तो कुठे ठेवायचा होता मी?

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? कायदा माझ्या बाजूने होता. धंद्यासाठी खरेदी करणाऱ्याला बिल देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. मोम्सच्या कायद्यात, २०२३:२०० मध्ये, ते स्पष्ट आहे. मी मेहेरबानी मागत नव्हते. तरी प्रत्येक वेळी सूर असा, की ही बाई उगाच कटकट करते आहे. सांगलीला आमच्या दुकानात बाबा गिऱ्हाइकाने पक्कं बिल मागितलं की हातातलं काम ठेवून ते लिहून द्यायचे. तेवढीच अपेक्षा होती.

आणि तारीख जवळ येत होती. मी मोम्स तिमाहीने भरते, ऑक्टोबर ते डिसेंबरचा हिशेब १२ फेब्रुवारीपर्यंत द्यायचा असतो. तारीख गेली तर आकाश कोसळत नाही, नंतर दुरुस्ती देता येते. पण मला माझा पहिला हिवाळा स्वच्छ हिशेबाने संपवायचा होता.

कोंडी फुटली ती करखात्याला, म्हणजे स्काटेव्हेरकेतला, फोन केल्यावर. फोन उचलायला वेळ लागतो, पण उचलला की माणूस विषय जाणणारा असतो. त्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, वस्तू परत करायची काही गरज नाही. विक्रेत्याने मूळ पावतीचा स्पष्ट संदर्भ देऊन पूरक कागद काढला, त्यात राहिलेले तपशील घातले, तर दोन्ही मिळून बिल पूर्ण होतं. एवढ्या एका वाक्यासाठी मी आठवडेच्या आठवडे झुरत होते.

मग मी फोन बंद केले आणि लेखी मागितलं. ग्राहकसेवेला नाही, थेट मुख्य कार्यालयाच्या लेखा विभागाला. तुमच्यावर ही वेळ आली तर पत्र असंच लिहा: पावतीचा क्रमांक, तारीख, शाखा, रक्कम आणि मोम्स, आपल्या फर्मचं नाव, पत्ता, नंबर, मग एकच मागणी, की या पावतीचा संदर्भ देणारं पूर्ण बिल द्या, आणि ते देणं मोम्स कायद्याप्रमाणे तुमच्यावर बंधनकारक आहे. राग, कहाणी, कोण काय म्हणालं, यातलं काही नको. पत्र स्वीडिशमध्ये. सोबत पावतीचा फोटो. जानेवारी संपता संपता पीडीएफ आली. फर्मचं नाव, पत्ता, बिल क्रमांक, खाली मूळ पावतीचा संदर्भ. मी ती मोठी करून प्रत्येक ओळ वाचली. इतका आनंद मला पहिल्या ऑर्डरचे पैसे आल्यावरही झाला नव्हता.

मधल्या काळात ती खरेदी वहीत कशी लिहायची, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. बिल नाही म्हणून नोंद थांबवायची नाही. पैसे गेले आहेत, तर व्यवहार झालेला आहे. मी पूर्ण ११,२५० खर्चात, म्हणजे किरकोळ उपकरणांच्या ५४१० क्रमांकाच्या खात्याला नावे टाकले, बँकेच्या १९३० ला जमा, आणि मोम्सला हात लावला नाही. बिल आल्यावर दुसरं व्हाउचर: २,२५० क्रोनर २६४१ ला, म्हणजे वजा करायच्या मोम्सच्या खात्याला, नावे, ५४१० ला जमा, आणि पहिल्या व्हाउचरचा क्रमांक शेऱ्यात. जुनी नोंद खोडायची किंवा बदलून टाकायची नाही. दुरुस्ती कधी आणि कुणी केली ते दिसलं पाहिजे, असं इथला हिशेबाचा कायदा सांगतो. घरी कीर्द-खतावणी पाहिलेल्या माणसाला हे नवं वाटत नाही. मोम्स वगळून ९,००० ची वस्तू एकदम खर्चात टाकता येते, कारण मर्यादा अर्ध्या प्रिसबासबेलोपची, म्हणजे सरकार दरवर्षी ठरवतं त्या आधार-रकमेच्या निम्म्याची आहे. २०२४ साली तो ५७,३०० होता, म्हणजे मर्यादा २८,६५०.

आता बाकीचं, आठवेल तसं.

किराणा. पट्ट्यावर माल ठेवताना मधला दांडा घाला, आधी धंद्याचा माल, मग घरचा, आणि दोन पावत्या घ्या. घरचं दूध आणि धंद्याचं पीठ एकाच पावतीवर आलं तर घरचा भाग २०१३ खात्यात, म्हणजे मालकाची उचल म्हणून, वेगळा काढावा लागतो. शक्य आहे, पण महिन्याच्या शेवटी अशा पावत्यांचा ढीग समोर आला की जीव नकोसा होतो.

त्याच पावतीवर मोम्सचे दर वेगवेगळे असतात. माझ्या २०२४ च्या पावत्यांवर खाण्याच्या वस्तूंना १२ टक्के आहे, फॉइल, डबे, साबण यांना २५. पिठा-डाळीचे ५६० क्रोनर आणि फॉइलचे १२५ असे ६८५ दिले, तर मोम्स ६० अधिक २५, म्हणजे ८५. ५०० मालाच्या खरेदीत, १०० किरकोळ साहित्यात. पावतीच्या तळाशी दरांची फोड छापलेली असते, तीच घ्या. एकूण रकमेवर सरसकट २५ लावू नका.

फोटो त्याच संध्याकाळी काढा. इथल्या पावत्या उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असतात. पाकिटात, गाडीत, तव्याजवळ राहिल्या की अक्षरं उडतात. आमच्या ओळखीच्या एका दादांनी मला सांगितलं होतं की फोटो काढला तरी मूळ कागद तीन वर्षं जपायचा. त्यांच्या वेळी ते खरं होतं. १ जुलै २०२४ पासून नियम बदलला. कागदावरचं सगळं सुरक्षितपणे डिजिटल झालं असेल तर मूळ कागद टाकून देता येतो. मी मात्र फोटोत खालची ओळ, मोम्सची फोड आणि तारीख वाचता येते का ते पाहिल्याशिवाय टाकत नाही. आणि बिल पीडीएफने आलं असेल तर ती फाइलच स्वतःकडे उतरवून घ्या, दुकानाच्या ॲपवर विसंबू नका.

खाजगी कार्डाने पैसे दिले गेले तरी खर्च धंद्याचाच राहतो. बँकेऐवजी २०१८ ला जमा करा, मालकाने पैसे घातले अशी नोंद होते. रोख व्यवहार मात्र लगेच पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत लिहायचे.

गिऱ्हाइकाला जेवायला नेलंत, तर पावतीच्या मागे कोण होतं आणि कशासाठी ते लगेच लिहा. जेवणाचा खर्च उत्पन्नातून वजा करणं २०१७ पासून बंद आहे, पण माणशी ३०० क्रोनरपर्यंतच्या रकमेवरचा मोम्स वजा होतो.

आयर्लंडसारख्या युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातल्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेत असाल तर त्यांना आपला मोम्स नंबर द्या. मग बिल मोम्सशिवाय येतं आणि मोम्स आपणच लावून आपणच वजा करायचा. मोम्सच्या फॉर्मच्या रकाना २१ मध्ये किंमत, ३० मध्ये तिच्यावरचा २५ टक्के मोम्स, ४८ मध्ये तेवढीच रक्कम. खिशातून काही जात नाही, पण रकाने रिकामे सोडायचे नाहीत.

हिशेब सात वर्षं जपायचा असतो, वर्ष संपल्यापासून मोजून. २०२४ चा हिशेब २०३१ च्या अखेरपर्यंत. तोवर आज वापरता ते सॉफ्टवेअर तुम्ही सोडलेलं असण्याची शक्यता खूप आहे. वर्गणी बंद करण्याआधी एसआयई फाइल, म्हणजे सगळ्या नोंदींची ठराविक साच्यातली फाइल, उतरवून घ्या. ती इथल्या जवळजवळ सगळ्या हिशेबाच्या प्रोग्रॅम्सना वाचता येते. पण तिच्यात फक्त नोंदी येतात, पावत्यांचे फोटो येत नाहीत. ते वेगळे उतरवावे लागतात, आणि प्रत्येक फाइलच्या नावात व्हाउचर क्रमांक घातला तर करखात्याने मागितल्यावर शोधत बसावं लागत नाही.