दाजी, एवढी सही पास करा

एकतीस वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली निम्मी क्लिअरिंगच्या टेबलावर. डाव्या हाताला चेक, उजव्या हाताला नमुना सहीचं कार्ड. त्यामुळं भावकीत कुणालाही कसल्याही सहीची शंका आली की कागद माझ्यापुढं येतो. गेल्या महिन्यात मेहुणा मुंबईहून परत आला तो प्लास्टिकच्या पाकिटात एक जुना लिफाफा घेऊनच. त्याला तिकिटं जमवायचा नाद आहे.

"दाजी, जेआरडी टाटांची सही हाय. अठरा हजार म्हणतोय. दोन हजार अनामत ठेवून आठ दिवसांच्या बोलीवर आणलाय. तुम्ही पास केली तर घेतो."

लिफाफा १९३२चा. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला अठ्ठावीस वर्षांचे जेआरडी एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादला विमानाचं पेट्रोल बैलगाडीतून आणलं होतं, हे मला फार आवडतं. एकूण टपाल पंचावन्न पौंड, म्हणजे आमच्या बाजारातल्या अर्ध्या पोत्याएवढं. त्यातलाच हा एक लिफाफा. पंचम जॉर्जचं तिकीट, पत्ता मद्रासचा, मागं मद्रासला पोचल्याचा १६ तारखेचा शिक्का. आणि पुढच्या बाजूला, पत्त्याच्या वर, निळी सही. विकणाऱ्याचं म्हणणं असं, की जुहूला विमानातून उतरल्या उतरल्या जेआरडींनी ती केली.

माझ्याकडं नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतला, बायको अजून बोलते त्यावरून. अंधार करून लिफाफा त्याखाली धरला. हल्लीचा पांढरा कागद त्यात निळसर झगझगतो, कारण त्यात उजाळा आणणारं रसायन असतं. १९५०च्या आधीच्या कागदात ते नसायचं. लिफाफा मढ्यासारखा गप्प राहिला. कागद जुनाच.

मग भिंग. सहीच्या रेघेत मधूनमधून शाईचे चिकट ठिपके, वळणावर कोरी बारीक रेघ, आणि मागून बोट फिरवलं तर उठाव लागतो. बॉलपेन! बॉलपेन न्यूयॉर्कच्या दुकानात विकायला आलं तेच १९४५ साली.

मेहुण्याचं तोंड उतरलं. "म्हंजे खोटी?"

"कथा खोटी. सहीचं मी अजून काही बोललो नाही."

इथंच लोक चुकतात. जेआरडी गेले १९९३च्या नोव्हेंबरमध्ये. त्या उड्डाणानंतर एकसष्ट वर्षं. एवढ्या काळात कुणीही हा लिफाफा त्यांच्यापुढं धरून सही मागितली असेल, आणि खिशात होतं त्या पेनानं त्यांनी केली असेल. बॉलपेन दिसलं म्हणून सही बाद होत नाही. उलट शाईपेनाची असती तर मी जास्त घाबरलो असतो. जुन्या कागदाची खळ गेलेली असते. त्यावर आज शाईपेन टेकवलं तर शाई फुटते, आणि ती फुटलेली शाई बघून माणसं म्हणतात, बघा किती जुनी!

कथा तर पेनाच्याही आधी पडते. पत्ता मद्रासचा. जुहूहून पुढं टपाल नेलं ते जेआरडींचे जोडीदार वैमानिक नेव्हिल विंटसेंट यांनी, रात्री बेल्लारीला मुक्काम करून. म्हणजे जेआरडी जुहूला उतरले तेव्हा हा लिफाफा टपालाच्या थैलीत होता. थैली उघडून, एकच लिफाफा काढून, सही करून परत आत घालणार कोण? माझ्यासारख्या कारकुनालाही हे कळतं.

राहिली सही. मी ती उलटी धरून बघतो, म्हणजे डोळा नाव वाचत नाही, नुसता आकार बघतो. गिरवणारा आधी पेन टेकवतो आणि मग निघतो. त्याची रेघ सुरुवातीला आणि शेवटी बोथट असते. खऱ्या सहीत हात हवेतच धावत आलेला असतो. इथं टोकं निमुळती होती, ओघ होता, मधेच पेन उचललेलं नव्हतं. मेहुण्याच्या मोबाइलमध्ये जेआरडींच्या दुसऱ्या एका सहीचा फोटो होता, त्याच्याशी तंतोतंत जुळतही नव्हती, हे उत्तमच. तंतोतंत जुळली की ती गिरवलेली, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

पण तो फोटो कुठल्या सालचा? एकदा मी एका निवृत्त मास्तरांचा चेक "सही जुळत नाही" म्हणून परत पाठवला. मास्तर स्वतः काउंटरवर आले, माझ्यासमोर पाच वेळा सही केली. पाचही थरथरत्या, पाचही कार्डापेक्षा वेगळ्या. कार्ड वीस वर्षांपूर्वीचं होतं. माझी मान वर होईना. त्या दिवसापासून मी सहीआधी कार्डावरची तारीख बघायला लागलो.

म्हणून मेहुण्याला सांगितलं, ज्या काळातली म्हणतात त्या काळातल्या, तारीख असलेल्या कागदांवरच्या दोन-तीन सह्या आण. पुण्यात टाटा सेंट्रल आर्काइव्ह्ज आहे, तिथं चौकशी कर. तोवर या कागदाला जुन्या लिफाफ्याचे पैसे दे, सहीचे नको.

त्यानं तिथंच विकणाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. बॉलपेनचं सांगितलं, थैलीचं सांगितलं. पलीकडं दोन सेकंद शांतता.

"मग साहेब, ती ब्याऐंशी सालची असणार. पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी परत कराचीहून विमान आणलं होतं ना, तेव्हाची. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! ती तर जास्त दुर्मीळ. वीस हजार होतील."

ब्याऐंशीचं उड्डाण खरं आहे. लेपर्ड मॉथ विमान होतं तेव्हा. माणसाचा अभ्यास होता, हे मानायला हवं.

मेहुण्यानं दुसऱ्या दिवशी लिफाफा परत केला. अनामतीतले दीड हजार मिळाले. पाचशे कसले कापले विचारलं, तर म्हणे आठ दिवस लिफाफा सांभाळल्याचे. सांभाळला होता आम्ही.