होम टाउनचा रकाना

बाबा गेल्यावर त्यांची कागदपत्रं आवरायचं काम माझ्याकडे आलं. टपाल खात्यातली सदतीस वर्षांची नोकरी आणि काहीही न फेकण्याचा स्वभाव, त्यामुळे लोखंडी कपाटाचे दोन कप्पे गच्च भरलेले. रबर सुकून कागदाला चिकटलेल्या एका गठ्ठ्यात एक कार्बन कॉपी सापडली. 'होम टाउन' या रकान्यापुढे बाबांच्या सुवाच्य अक्षरात आमच्या गावाचं नाव, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी.

आमच्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या या एका रकान्यातून निघाल्या आहेत.

ज्यांच्या घरी केंद्र सरकारची नोकरी होती त्यांना एलटीसी म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. चार वर्षांचा एक ब्लॉक. त्या चार वर्षांत दोनदा होम टाउनला जायचं, किंवा एकदा होम टाउन आणि एकदा भारतात कुठेही. सहकुटुंब जाण्यायेण्याचं भाडं सरकार देणार. खाणंपिणं, राहणं ज्याचं त्याने बघायचं. आमच्याकडे मुलांची वयंसुद्धा ब्लॉकमध्ये मोजली जायची. दादाची मुंज नव्वद-त्र्याण्णवच्या ब्लॉकमधली, माझे टॉन्सिल्स शहाऐंशी-एकोणनव्वदमधले.

होम टाउन एकदा जाहीर केलं की ते कायमचं. तसंच सबळ कारण असेल तर बदलून मिळतं, पण अख्ख्या नोकरीत एकदाच. बाबा हा नियम मोठ्या कौतुकाने सांगत. त्यावर आई एकदा म्हणाली, "माझं तर एका दिवसात बदललं, अक्षता पडल्याबरोबर. कोणी अर्जसुद्धा नाही मागितला."

आई आर्वीची, वर्धा जिल्ह्यातली. नागपूरहून तिचं माहेर तीन तासांवर. पुलगावहून आर्वीला तेव्हा छोटी रेल्वे होती. ती इतकी सावकाश चालायची की मधे उतरून बोरं वेचावीत आणि पुन्हा डब्यात चढावं, असं मामा सांगायचा. आर्वीला आम्ही दिवाळीत, भाऊबीजेला, कधी नुसत्या शनिवार-रविवारी जाऊन यायचो. तो कुठल्याच ब्लॉकमध्ये बसणारा प्रवास नव्हता आणि त्याला सुट्टीही कोणी म्हणत नसे.

सुट्टी म्हणजे राजापूर. नागपूर ते मुंबई ८३७ किलोमीटर रेल्वेने, आणि मग मुंबईहून रात्रीचा लाल डबा. कोकण रेल्वे अजून कागदावरच होती, ती पूर्ण सुरू झाली १९९८ च्या २६ जानेवारीला, तोवर मी कॉलेजात होते. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकला की आम्ही कूलरचं पाणी उपसून टाकायचो, वाळ्याच्या ताट्या सोडवून गच्चीवर ठेवायचो, माठ पालथा घालायचो आणि किल्ली समोरच्या क्वार्टरमधल्या काकूंकडे द्यायचो. क्वार्टर सरकारी होतं, दारावर पांढऱ्या रंगाने नंबर. तरी कुलूप लावून झाल्यावर आई ते तीनदा ओढून बघायची आणि रिक्षात बसल्यावर गॅसची आठवण काढायची.

एसटीचं तिकीट तेव्हा पातळ कागदाचं, ठरावीक किमतींचं. लांबचा पल्ला असला की कंडक्टर आपल्या पेटीतून वेगवेगळ्या रंगांची तिकिटं फाडून, टकाटक पंच करून एक जुडगाच हातात ठेवायचा. आमची तर दोन फुल, दोन हाफ. तो जुडगा बाबा चष्म्याच्या घरात ठेवत, कारण नागपूरला परतल्यावर एकेक चिठोरं बिलाला जोडायचं असे. मग चष्म्याला घर उरत नसे. तो रात्रभर खिशात, आणि कशेडी घाटात बाबा माझ्या बाजूला कलंडले की काडी मला टोचायची.

खेड, चिपळूण, संगमेश्वर. उजाडायच्या सुमाराला हातखंबा यायचं. तिथे चहाला उतरलं की बाबांची मराठी बदललेली असायची. नागपुरात अकरा महिने "चला, आटपा" म्हणणारा माणूस "उठलीस काय गो?" म्हणून विचारायचा. त्यांचा आवाजही थोडा वर चढलेला असे. मला ते एखाद्या नटाने मेकअप उतरवल्यासारखं वाटायचं. दादाला उलट वाटायचं, की आत्ता चढवलाय.

गावातलं घर चुलतकाकांचं. म्हणजे आमचंही होतं, सातबाऱ्यावर बाबांचं नाव होतं. चिरेबंदी जोतं, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मग ओटी, माजघर, आणि मागच्या पडवीत धुराने काळंभोर झालेलं न्हाणीघर. आम्ही खळ्यात पाऊल टाकलं की आतून आरोळी यायची, "नागपूरकर आले!" नागपुरात वर्गातली मुलं मला 'कोकणी' म्हणत. दोन्हीकडे मी दुसरीकडचीच असायचे.

गावात आमची बडदास्त असे. काकू पहाटे उठून आमच्यासाठी घावन घालायची. रायवळ आंबे बादलीभर पाण्यात टाकून आधी आमच्यापुढे. आणि चहा कपबशीतून. फडताळात निळ्या फुलांचे सहा कप होते, कान सोनेरी. ते पाहुण्यांचे. घरची पोरं, म्हणजे माझी चुलत भावंडं, जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पेल्यातून चहा पीत. काठ चेपलेले, बुडाशी काळे, धरताना फ्रॉकच्या टोकाने धरावे लागणारे पेले. मला तो पेला हवा असायचा. मागायची सोय नव्हती. "शी, त्यातनं कसला पितेस!" म्हणून काकूने लगेच कप विसळला असता.

बाबांना मात्र पितळी पेला. तो काकांच्या पेल्याचा जोडीदार होता, दोघं भाऊ लहानपणापासून त्यातून पीत आले होते. काकू तो न विचारता त्यांच्यापुढे ठेवायची.

एकदा, निघायच्या आदल्या दिवशी असेल, काकू गडबडीत होती. चुलीवर आमच्या वाटेचे लाडू, बाहेर फणसाचे गरे निवडायला बसलेल्या बायका. तिने न बघता पेल्यांची रांग लावली आणि एक माझ्याही हातात दिला. मी तो घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसले. दोन घोट घेतले असतील. तेवढ्यात काकू "अगोबाई, तुला कसा दिला हा!" करत आली, पेला काढून घेतला, उरलेला चहा निळ्या फुलांच्या कपात ओतला आणि बशीवर ठेवून परत आणून दिला. चहा तोच होता. मला रडू का येतंय ते मात्र कोणालाच कळेना. शेवटी जीभ भाजली असेल म्हणून काकूने साखर भरवली.

आईची तिथली अवस्था आणखी वेगळी. ती त्या घरची सून, म्हणजे पाहुणी नाही. कपबशी नाही, जर्मनचा पेलाही नाही, तिला सगळ्यांचं झाल्यावर जे हाताला लागेल ते. पहिल्या वर्षी तिने आमटी करताना विचारलं होतं, "वहिनी, थोडा सांभार आहे का?" नागपूरकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. काकू बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सांबर? ते रानात गो. आमटीत कशाला?" ही गोष्ट गावात पुढे दहा वर्षं चालली. आई दर वेळी सगळ्यांबरोबर हसायची. तिला ती कितव्यांदा हसू आली असेल, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

राजापूरजवळच्या उन्हाळे गावची गंगा प्रसिद्ध आहे. चौदा कुंडं एरवी कोरडी असतात आणि साधारण तीन वर्षांनी एकदा अचानक भरतात, दोन-तीन महिने राहून गंगा परत जाते. क्वचित उगवणाऱ्या माणसाला म्हणूनच 'राजापूरची गंगा' म्हणतात. काका बाबांना एसटीतून उतरताना बघून नेमकं तेच म्हणायचे. बाबा हसायचे. ब्लॉकचा हिशेब काकांना कोण समजावणार!

'भारतात कुठेही' वाली सवलत बाबांनी एकदाच वापरली, तीसुद्धा आमच्या दोन महिन्यांच्या असहकारानंतर. जीटी एक्स्प्रेसने मद्रास आणि पुढे कन्याकुमारी. तीन समुद्र, विवेकानंदांचा खडक, सूर्योदय, सूर्यास्त हे सगळं पाहिलं, फोटोही आहेत. पण मला त्या लॉजची खोली जास्त आठवते. आईने शिरल्याशिरल्या पिशवीतून सुतळी काढली, खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत बांधली आणि टॉवेल वाळत घातले. पलंगाखाली चपलांची रांग. टेबलावर वर्तमानपत्र पसरून मेतकुटाची बाटली, लोणचं, तुपाची डबी. पंधरा मिनिटांत ती खोली आमच्या क्वार्टरसारखी दिसायला लागली. मग तिने इलेक्ट्रिकची कॉईल काढली. खोलीत स्वयंपाक करण्यास मनाई आहे, अशी पाटी तीन भाषांत होती. आईच्या मते त्यात मराठी नसल्यामुळे ती आपल्यासाठी नव्हती.

भाताला उकळी आली आणि अख्ख्या मजल्याचे दिवे गेले. बोळात माणसांची धावपळ, मग आमच्या दारावर थाप. बाबांनी दार उघडलं, आईने पातेल्यावर टॉवेल टाकला. मॅनेजरने मेणबत्ती वर धरून सुतळी पाहिली, चपलांची रांग पाहिली, टॉवेलखालून निघणारी वाफ पाहिली. तो तमिळमध्ये एक वाक्य बोलला आणि निघून गेला. बाबांनी दुसऱ्या दिवशी दंडाचे पैसे भरले, अर्थात त्याची पावती एलटीसीच्या बिलाला जोडता आली नाही. भात मात्र अर्धाकच्चाच, अंधारात, तूप-मेतकूट घालून खाल्ला. दादा अजून म्हणतो, तसा भात पुन्हा कधी झाला नाही.

परत मुद्द्यावर येते. त्या गठ्ठ्यात नियमांची एक सायक्लोस्टाईल प्रत होती. साहेबाने होम टाउन खरं की खोटं हे कशावरून ठरवायचं, ते त्यात लिहिलंय. घरगुती आणि सामाजिक जबाबदाऱ्यांसाठी त्या माणसाला तिथे अधूनमधून जातीने हजर राहावं लागतं का? तिथे त्याचं स्वतःचं किंवा एकत्र कुटुंबाचं घर आहे का? जवळचे नातेवाईक राहतात का? नोकरीला लागण्याआधी तो तिथे काही वर्षं राहिला होता का? कुठल्याशा अवर सचिवाने दिल्लीत पंख्याखाली बसून हे प्रश्न काढले असतील. पण मी ते वाचून जरा चमकले. एवढं नेमकं तर आम्ही घरात कधी कोणाला विचारलं नव्हतं. आणि त्यात आईने भरायचा रकाना नव्हता. नवराबायको दोघंही सरकारी नोकरीत असले तर दोघांना वेगवेगळं होम टाउन सांगता येतं म्हणे. आई नोकरीत नव्हती.

बाबा २००६ मध्ये निवृत्त झाले. तेव्हा आणखी एक फॉर्म आला. निवृत्त माणसाला होम टाउनला, किंवा जिथे कायमचं राहायचं असेल तिथे, बिऱ्हाड हलवायचा खर्च मिळतो. कुठे राहणार? नागपुरातच मनीषनगरला आमचं छोटं घर बांधून झालं होतं. तरी बाबांनी तो फॉर्म रेडिओखाली सरकवून ठेवला आणि एकटेच गावाला गेले. कोकण रेल्वेने गेले, राजापूर रोडला उतरले, तिथून गावात पोचायला पुन्हा बरंच अंतर. काका तोवर गेले होते. पुतण्याने ओटीला लाद्या बसवल्या होत्या, खळ्यात गाडी उभी राहत होती. सगळ्यांनी खूप अगत्य केलं.

पंधरा दिवसांचा बेत होता, बाबा सहाव्या दिवशी परतले. आईने विचारलं, "काय झालं? बरं नाही वाटत का?"

"छान चाललंय त्यांचं," बाबा म्हणाले. पायातले मोजे काढत थोडा वेळ बसून राहिले. "चहा कपबशीतून दिला."

"मग? चांगलंच की."

बाबा काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी रेडिओखालचा फॉर्म काढला आणि नागपूर लिहिलं.

नोकरीत एकदाच मिळणारा तो बदल त्यांनी कधी मागितलाच नव्हता, हे मला आत्ता कागद चाळताना कळलं. शेवटपर्यंत फायलीत राजापूरच.

मी पुण्यात राहते, गेली बावीस वर्षं. आमच्या कंपनीतही प्रवासाचे पैसे मिळतात. त्यालाही चार वर्षांचे ब्लॉक आहेत, पण होम टाउन कोणी विचारत नाही, तिकिटं अपलोड केली की झालं. माझ्या मुलीने गेल्या उन्हाळ्यात सांगितलं, की तिला सुट्टीत कुठेच जायचं नाही, घरीच राहायचंय. मला आधी राग आला. मग हेवा वाटला.

कपाट आवरून संध्याकाळ झाली. मनीषनगरच्या घरात आता दादा-वहिनी असतात. वहिनी स्वभावाने फार चांगली, मी आले की पुरण घालते. तिने हाक मारली, "ताई, चहा घ्या." ट्रेमध्ये दोन कपबश्या होत्या, एक माझ्यासाठी आणि एक भेटायला आलेल्या शेजारच्या काकांसाठी. दादा पलीकडे खुर्चीत आईच्या वेळच्या स्टीलच्या पेल्यातून चहा पीत पेपर वाचत होता.

मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले. भिंतीवरची मांडणी काढून तिथे नवी कपाटं केली आहेत. एक उघडलं, त्यात मसाले. दुसऱ्यात डबे.

"काय हवंय, ताई?" वहिनी मागून आली.

"काही नाही गं," म्हटलं. "पेले कुठे ठेवतेस हल्ली?"