येळवशीची भज्जी आणि काकूचं एक एकर

यंदा येळवशीला गावी गेलो होतो. पुण्यात ऑफिसात सुट्टी मागताना येळवस म्हणजे काय हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं, तर ती वेळ अमावस्या, लातूर-धाराशिवकडं दिवाळीच्या तोडीचा सण. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळी रानात. कडब्याची कोपी करायची, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांची पूजा, आणि मग आंबील, बाजरीचे उंडे नि भज्जी. ही भजी नव्हे हं! तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वाल, हरभरा, मेथी, कांद्याची पात, जे रानात असेल ते सगळं चिंच आणि बेसन लावून एकत्र शिजवायचं.

आता "रानात असेल ते" हीच गोची होती. काही वर्षांमागं आमच्या रानात सोयाबीन काढलं की हरभरा, यापलीकडं काही नसायचं. मग काका आदल्या दिवशी बाजारातून पिशवीभर शेंगा आणि पालेभाजी आणायचे, आणि ती घेऊन आम्ही रानात जेवायला जायचो. काकू म्हणायची, रान आपलं न भज्जी बाजाराची, पांडव हसत असतील.

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते २०१६ साल, त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं तर विचारूच नका. सोयाबीन गेलं की पैसा गेला, आणि घरात खायला पिकवलेलं काहीच नाही. नेमकं त्याच सुमारास बचत गटाच्या मीटिंगमध्ये एक एकराची गोष्ट निघाली. आमच्या भागात हे काम 'स्वयं शिक्षण प्रयोग'नं रुजवलं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरं परत बांधायच्या कामात प्रेमा गोपालन यांनी गावोगावच्या बायकांना पुढं आणलं, त्यातूनच ही संस्था वाढली, आणि २०१६ साली तिला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर प्राइज मिळालं. कल्पना एकदम साधी आहे, घरच्या जमिनीतलं अर्धा-एक एकर बाईनं मागून घ्यायचं, त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं, आणि आधी घरचं ताट, मग बाजार.

काकांनी दिलं ते नाल्याकडचं मुरमाड रान. "तसंबी पडीकच हाय, बघ काय होतंय ते."

काकूनं मूग, उडीद, तूर, भुईमूग, वाल, वांगी, मिरची असं सगळं पट्ट्यापट्ट्यानं लावलं. मूग साठ-सत्तर दिवसांत निघतो, तूर पाच-सहा महिने उभी राहते, पावसानं मधेच दगा दिला तरी काहीतरी हाताला लागतंच, हे गणित मला शिकलेल्याला तिनं बांधावर बसून समजावलं. २०० लिटरच्या ड्रममध्ये जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पहिल्या साली गूळ खायला मुंग्यांची रांग लागली आणि सासू (माझी आजी) महिनाभर बोलत होती. बी राखेत घोळून, लिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवते. गटातल्या बायका एकमेकींना बी उसनं देतात, सुगीला त्याच्या दुप्पट परत करायचं. लिहून कोण ठेवत नाही, पण कुणी बुडवलं की अख्ख्या गावाला कळतं!

सगळं छान छान आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. काम वाढलं ते काकूचंच. रासायनिक फवारणी बंद म्हणजे खुरपणी जास्त, आणि खुरपणी म्हणजे बाईमाणूस, हे कुठल्याच ट्रेनिंगनं बदललेलं नाही. त्यात रानडुकरं. यंदा एका रात्रीत भुईमुगाचा पट्टा उकरला.

पण भज्जी! यंदा बाजारातून फक्त तेल नि मीठ. काकू एकेक शेंग सोलत नाव घेत होती, ही नाल्याकडची, ही बांधावरची.

जेवताना मी उगाच विषय काढला. चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, बऱ्याच शेतकऱ्यांनी खरंच बायकोच्या नावावर जमीन केली, मग या एकराच्या सातबाऱ्यावर काकूचं नाव कधी लागायचं?

काकू मान खाली घालून शेंगा सोलत राहिली. काकांनी गाडगं पुढं केलं.

"आंबील वाढ की गं अजून थोडी."