एवढ्याशा माशाला एवढा मोठा टँक कशाला?

घरी आलेलं प्रत्येक माणूस टँकसमोर उभं राहून हेच विचारतं, आणि वर "आमच्याकडे बाउलमध्ये होता की, मस्त राहायचा". किती दिवस राहिला ते मी विचारत नाही, कारण माझाही पहिला गोल्डफिश बाउलमध्येच होता. दर रविवारी बाउल, खडे, सगळं नळाखाली घासून धुवायचे, पाणी अगदी लख्ख दिसायचं. तीन-चार दिवसांनी तो वर येऊन तोंडाची उघडमीट करायचा, मला वाटायचं भूक लागली, मी अजून दाणे टाकायचे. त्याला श्वास घेता येत नव्हता. हे कळलं तोवर तो गेला होता आणि ते मला अजून लागतं.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजूनही तोच होतो, तो विषारी असतो, कल्ले जाळतो, आणि डोळ्याला दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर बॅक्टेरिया बसतात, ते त्याचं नायट्राइट करतात, दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही वाईटच, ते माशाच्या अंगात गेलं की रक्त ऑक्सिजन नेऊ शकत नाही. नायट्रेट त्या मानाने सौम्य, थोडं थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे सगळं बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि मी ते दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकत होते! आता स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळते.

पाणी जास्त असलं की विष पातळ होतं, तापमानही पटकन वरखाली होत नाही, म्हणून मोठा टँक. आणि "टँकएवढाच मासा वाढतो" हे तर अजिबात खरं मानू नका, साधा गोल्डफिश 20-30 सेंटीमीटर होतो, दहा वर्षांहून जास्त जगतो, बाउलमध्ये तो खुरटतो. बेटा नावाचा मासा हवेतूनही श्वास घेतो म्हणून त्याला पेल्यात ठेवतात, पण अमोनिया त्यालाही जाळतोच, शिवाय त्याला 24 ते 28 अंशांचं कोमट पाणी लागतं.

निऑन टेट्रा हे कळपाने राहणारे छोटे मासेही एकदोन आणू नका, सहा तरी हवेत. माझे आधी कोपऱ्यात दबून असायचे, झाडं लावली, लपायला जागा झाली तसे उलट जास्त पुढे यायला लागले.

टँक घेणार असाल तर मासे त्याच दिवशी आणू नका प्लीज, नुसता रिकामा फिल्टर चालवूनही बॅक्टेरिया येत नाहीत, त्यांना अमोनिया लागतो, तो थोडा थोडा घालत राहा आणि टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला लागले की मग आणा.