मोबाइल आहे की, मग संगणक कशाला?

आमच्या बायकांच्या संगणक वर्गाच्या दारात उभं राहून हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, त्याची मोजदाद नाही. कुणी पाहुणे म्हणून आलेले, कुणी भावकीतले, एकदा तर ज्यांनी वर्गाला खोली दिली ते सरपंचच. ‘घरटी मोबाइल झालाय. पैसे मोबाइलवरनं जात्यात, सातबारा मोबाइलवर दिसतोय. मग दुपारच्या बायका गोळा करून माऊस धरायला कशाला शिकवताय?’ परवा तुम्हीही तेच विचारलंत, आणि मनापासून विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

आधी तुमच्या बाजूचं सांगते, कारण ते खरं आहे आणि आमच्याच भागात घडलंय. १९९८ साली वारणानगरच्या आसपास, कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांत संगणक बसवायचं ठरलं. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी साखर कारखाना यांनी मिळून हाती घेतलेलं ते काम ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून ओळखलं जायचं. मी तेव्हा शाळेत होते. तोडणीची पाळी कधी, ऊस किती टन भरला, बिल किती निघालं, हे कळायला त्याआधी शेतकऱ्यानं कारखान्यापर्यंत हेलपाटे घालायचे, नाहीतर चिटबॉयची, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या कारखान्याच्या माणसाची, वाट बघायची. आता गावातल्या खोलीत वजनाची पावती छापून मिळायला लागली. वडिलांनी पहिली पावती घडी न घालता, दोन्ही हातांत धरून घरी आणली होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

पण त्या खुर्चीवर वडील कधी बसले नाहीत. बसायचा तो ऑपरेटर. वडील पाठीमागं उभे राहून नाव सांगायचे, तो बटणं दाबायचा. पीकसल्ला, बाजारभाव, असं आणखी बरंच त्या यंत्रावर यावं असा मूळ बेत होता. वापर राहिला तो मुख्यतः उसाच्या हिशेबापुरता. पुढं यंत्रं जुनी झाली, देखभालीचा खर्च अंगावर यायला लागला. मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी सात गावांत तेच काम साध्या फोनवरच्या एसएमएसनं करून दाखवलं. ते स्वस्त पडलं, आणि शेतकऱ्याला बांधावर उभं राहून टनेज कळायला लागलं. तेव्हा निरोप द्यायचा-घ्यायचा असेल तर खिशातल्या फोनला तोड नाही, हे मला मान्यच आहे.

माझं म्हणणं त्या पाठीमागं उभं राहण्याबद्दल आहे. यंत्रं बदलली, आपण अजून तिथंच उभे आहोत.

आमच्या वर्गात एक आक्का येतात. साठीच्या आसपास, दोन म्हशी, पाव एकर शेत, नवरा नाही. एका अनुदानासाठी त्यांनी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रावर अर्ज भरला. केंद्राचं नाव सांगत नाही. भरणाऱ्या पोरानं अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. त्यात कपट होतं असं मला वाटत नाही. प्रत्येक वेळी ओटीपीसाठी माणूस शोधत बसायला नको, एवढाच त्याचा विचार असणार. पासवर्डही त्याच्याच वहीत. वर्षभरानं तो पोरगा पुण्याला कामाला गेला आणि त्याच्याबरोबर आक्कांचं खातंही गेलं. आक्कांच्या घरात फोन होता, त्यात नेटपॅक होता, नातवाची गाणी त्यावर दिवसभर चालायची. पण अर्ज कुठं अडकलाय हे बघायची सोय त्यांच्या हातात नव्हती. नंबर बदलून घ्यायला तीन महिने गेले. त्या म्हणाल्या, ‘माझ्या नावानं काय येतंय, ते मला कळाय नको व्हय?’ त्या आठवड्यापासून त्या वर्गाला यायला लागल्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, एक प्रश्न होता: इंटरनेट कधी तरी वापरलंय का? देशाच्या ग्रामीण भागात ‘हो’ म्हणणारे पुरुष ४८.७ टक्के निघाले आणि बायका २४.६. त्यानंतर फोन खूप वाढले, हे खरं. पण फोन घरात असणं आणि तो बाईच्या हातात असणं, यातलं अंतर मी रोज बघते. केंद्र सरकारच्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात, २०१७ ते २०२४ या काळात, घरटी एका माणसाला वीस तासांचं शिक्षण द्यायचं ठरलं होतं. कल्पना चांगली होती आणि कोट्यवधी लोक शिकलेही. तरी मला वाटतं, घरातला तो एक माणूस म्हणजे आपोआप कॉलेजातला मुलगा ठरतो. तो सहा महिन्यांत शहर धरतो. मला निवडायला सांगितलं असतं, तर घरटी आधी बाई धरली असती.

आता संगणकच कशाला, ते सांगते. आमच्या एका बचत गटाचं उदाहरण घ्या. गटातून बारा हजारांचं कर्ज, महिना दोन टक्के व्याज, बारा हप्ते. वहीत दर महिन्याला हजार मुद्दल आणि दोनशे चाळीस व्याज लिहिलं जायचं. वर्षाचं व्याज दोन हजार आठशे ऐंशी. हिशेब चोख, बेरीज बरोबर, कुणाला शंका नाही. वर्गात तोच हिशेब आम्ही रकाने पाडून स्प्रेडशीटमध्ये घातला. एका रकान्यात शिल्लक मुद्दल, शेजारच्या रकान्यात त्यावर दोन टक्के. पहिल्या महिन्याला दोनशे चाळीस, दुसऱ्याला दोनशे वीस, मग दोनशे, असं उतरत शेवटी वीस. बेरीज आली एक हजार पाचशे साठ. खोली शांत झाली. तेराशे वीस रुपयांचा फरक. बारा ओळी एकाखाली एक उभ्या होत्या, सगळ्यांनी एकाच वेळी बघितल्या, प्रत्येकीनं एकदा स्वतः आकडा बदलून बघितला. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. सोपं पडतं म्हणून गटानंच कधी तरी तसं ठरवलं होतं, आणि जास्तीचं व्याज गटाच्याच पेटीत होतं. पण ते कर्ज काढणारीच्या खिशातून जात होतं, आणि कर्ज काढायची ती नेहमी गटातली सगळ्यात अडलेली बाई. पुढच्या बैठकीत त्यांनी पद्धत बदलली. फोनवर हे होत नाही असं नाही. पण तळहाताएवढ्या काचेवर बारा ओळी आणि चार रकाने दहा जणींनी मिळून बघता येत नाहीत, आणि जे एकत्र बघितलं नाही त्यावर एकत्र बोलताही येत नाही.

तसंच टायपिंगचं. बोलून लिहायची सोय फोनमध्ये आहे, आक्का ती मजेत वापरतात. पण ग्रामसभेला द्यायचा अर्ज चार वेळा दुरुस्त करावा लागतो, वाक्य वरचं खाली न्यावं लागतं. त्याला कीबोर्ड लागतो. मी स्वतः लग्नाआधी एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा केली, तेव्हा मराठी टाइप करायला कुणी शिकवलं नव्हतं. इथं आम्ही पहिल्या दिवसापासून मराठीच शिकवतो. पहिल्या आठवड्यात स्वतःचं नाव, दुसऱ्यात गावाचा पत्ता, तिसऱ्यात अर्ज.

इंटरनेटच्या वेगाचं विचाराल, तर तोही लागतो. २०२३ पासून आपल्याकडं किमान दोन एमबीपीएस असेल त्यालाच ब्रॉडबँड म्हणायचं ठरलंय. त्याआधी ५१२ केबीपीएसवर, म्हणजे साधारण चौथाई वेगावर, भागवलं जायचं. मोबाइलचा टॉवर मात्र सगळ्या गावात वाटून घ्यावा लागतो. रात्री आठला सगळी पोरं ऑनलाइन आली की बारावीच्या मुलीचा प्रवेशाचा अर्ज कागद अपलोड होता होता अडकतो. फायबरच्या तारेची जोडणी त्या वेळीही टिकून राहते. म्हणून ‘भारतनेट’सारखी ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची कामं मला महत्त्वाची वाटतात. पण पंचायतीच्या भिंतीवरच्या डबीपासून शाळा, अंगणवाडी आणि वर्गापर्यंतचं शेवटचं शंभर-दोनशे मीटरचं अंतर गावानं मागितल्याशिवाय तुटत नाही. आणि मागणार कोण? ज्याला तिथून काय मिळतं ते माहीत आहे, तोच. आमच्या खोलीपर्यंत तार आणायचा ठराव मांडला तो बायकांनी, आणि त्याचा अर्ज वर्गातच टाइप झाला होता.

येत्या सोमवारी ई-ग्रामस्वराज हे ग्रामपंचायतींचं सरकारी संकेतस्थळ उघडायचं ठरलंय. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून आपल्या गावात कुठली कामं मंजूर झाली, ते त्यावर दिसतं. त्यानंतर प्रत्येकीनं आपापल्या घरचा सातबारा काढायचा आणि त्यावर स्वतःचं नाव आहे का, ते बघायचं. जमिनीचे गट नंबर लिहून आणायला सांगितलेत. आक्कांनी तो आत्ताच पाठ केलाय. दुपारी दोनला या. सहा संगणक आहेत, सातवी खुर्ची रिकामी असते.